सूर्याची रोमन नाणी: आधी त्याच्या पायाखाली बघायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळच्या नाशिकच्या, सध्या नोकरीसाठी स्टुटगार्टला. सूर्यदेव असलेली दुर्मिळ रोमन नाणी जमवायची मनात आहे. एका ऑनलाइन लिलावात सम्राट ऑरेलियनचं ‘सोल दोमिनुस’ (‘सूर्य, स्वामी’) असा लेख असलेलं नाणं 160 युरोंना दिसतंय, ते घ्यावं का? आणि वर्षाला 500 युरो बाजूला काढता आले तर संग्रह कसा उभा राहील?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. ते नाणं आज घेऊ नका. ते खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण ते खरं आहे की खोटं हे तुमचं तुम्हाला अजून ठरवता येणार नाही, आणि जे नाणं आपल्याला वाचता येत नाही त्याला दुर्मिळ म्हणून पैसे मोजायचे म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर पैसे मोजायचे. हीच सूर्याची नाणी मी तीस वर्षं जमवतो आहे. सूर्य दुर्मिळ नाही, हे कळायला मला बराच काळ लागला. रोमन साम्राज्यात तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौथ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतक्या नाण्यांवर आहे की आजही चांगलं नाणं 30 युरोंत मिळतं. दुर्मिळ असतात ते त्याच्या पायाखालची टांकसाळीची अक्षरं, बाजूच्या मोकळ्या जागेतली खूण आणि दुसऱ्या बाजूचा सम्राटाचा वेगळा पेहराव. तिथे बघायची सवय लागली की 40 युरोंच्या ढिगातून 400 युरोंचं नाणं आपलं आपल्याला सापडतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करू, कारण ऑनलाइन विक्रीत तो रोज दिसतो. डोक्यावर किरणांचा मुकुट दिसला की ‘सूर्यदेवाचं नाणं’ असं लिहून टाकतात. तो बहुतेक वेळा सम्राटच असतो. सम्राट कॅराकल्लाने 215 साली दोन दिनारांच्या किमतीचं म्हणून एक नवं नाणं काढलं, आज त्याला अंतोनिनियानुस म्हणतात. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणमुकुट असतो. ती दुप्पट किमतीची खूण. राण्यांच्या नाण्यांवर त्याच कामासाठी खांद्याखाली चंद्रकोर येते. त्यामुळे सम्राट गॅलिएनुसचं पाच युरोंचं नाणं कोणी सूर्याच्या नावाखाली पन्नासला देत असेल तर पुढे जा. खरा सूर्य बहुधा मागच्या बाजूला असतो: उघड्या अंगाचा तरुण, डाव्या खांद्यावरून सोडलेलं वस्त्र, उजवा हात वर उचललेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल किंवा चाबूक. आपला सूर्य दोन्ही हातांत कमळं घेऊन, उत्तरेकडच्या मूर्तींत तर पायांत उंच बूट घालून उभा असतो. त्या सवयीने बघायला गेलात तर पहिले काही दिवस चुकल्यासारखं होईल.

सुरुवात सम्राट कॉन्स्टंटाइनपासून करा. त्याच्या काशाच्या नाण्यांवर ‘सोली इन्विक्टो कोमिटी’ असा लेख असतो, म्हणजे ‘अजिंक्य सूर्याला, सोबत्याला’. हा सोबती शब्द मला फार आवडतो. सम्राट सूर्याची पूजा करतो आहे असं नाणं म्हणत नाही, सूर्य त्याचा सांगाती आहे असं म्हणतं. 310 साली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, कॉन्स्टंटाइनला अपोलोचं दर्शन झाल्याचं त्याच्या दरबारातल्या एका स्तुतिभाषणात आलेलं आहे, आणि त्याच सुमाराला ही नाणी सुरू होतात. 312 साली रोमजवळ मिल्वियन पुलाची लढाई झाली. तिथे त्याला ख्रिस्ताचा कौल मिळाला असं पुढे सांगितलं गेलं, पण सूर्याची नाणी थांबली नाहीत. काशाची नाणी त्यानंतरही पाच-सहा वर्षं पडत राहिली, सोन्यावर सूर्य साधारण 325पर्यंत टिकला. 321 साली रविवारच्या सुट्टीचा जो हुकूम निघाला त्यातही दिवसाचं नाव सूर्याचा वार असंच आहे. पाठ्यपुस्तकात एका रात्रीत धर्म बदललेला दिसतो. नाण्यांच्या ओळीत तो बदल किती सावकाश झाला ते हातात धरून बघता येतं.

आता नाणं वाचायचं कसं. सूर्याच्या पायाखाली एक आडवी रेघ असते, तिच्याखाली टांकसाळीचं चिन्ह. ‘पीएलएन’ असेल तर लंडन, ‘पीटीआर’ किंवा ‘एसटीआर’ असेल तर ट्रिअर, ‘पीएलजी’ लियाँ, ‘पीएआरएल’ आर्ल. ‘आरपी’, ‘आरएस’, ‘आरटी’, ‘आरक्यू’ ही रोमची, आणि शेवटचं अक्षर चारपैकी कोणत्या कारखान्यात नाणं पडलं ते सांगतं. ‘पीटी’, ‘एसटी’, ‘टीटी’ म्हणजे तिकिनुम, आजचं इटलीतलं पाविया. सूर्याच्या दोन्ही बाजूंना आणखी अक्षरं किंवा तारे असतात, त्यावरून वर्ष दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात बसवता येतं. वजनही बोलतं: 310च्या आसपासची नाणी साडेचार ग्रॅमच्या जवळ असतात, 313नंतरची साडेतीनच्या आतबाहेर. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंतचा काटा आणि दहापट भिंग ही तुमची पहिली खरेदी. दोन्ही मिळून एका नाण्याच्या पैशात येतात.

तुम्ही जर्मनीत आहात हे भाग्य समजा. ट्रिअर तुमच्यापासून दिवसभरात जाऊन येण्याइतकं जवळ. तिथल्या संग्रहालयात 1993 साली सापडलेला सोन्याच्या नाण्यांचा निधी, म्हणजे पुरून ठेवलेला साठा, आहे, अडीच हजारांहून जास्त नाणी, साडेअठरा किलो सोनं. ती नाणी आपल्या विषयाच्या आधीच्या काळातली, पण एकदा जाऊन या. आणि बर्लिनच्या नाणेसंग्रहाची छायाचित्रं घरबसल्या बघता येतात. मी सुरुवात केली तेव्हा एका नाण्याची ओळख पटवायला तीन-तीन आठवडे पत्रव्यवहार चालायचा. तुम्हाला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओक्रे’ ही मोफत सूची आहे, त्यात लेख आणि टांकसाळ टाकली की नाण्याचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक येतो ‘आरआयसी’ या बहुखंडी सूचीतून, सगळे विक्रेते तोच देतात.

इथे जपून. त्या सूचीच्या कॉन्स्टंटाइनच्या खंडांत कमी दिसलेल्या नाण्यांपुढे आर-5पर्यंत चढत जाणारी दुर्मिळता दिलेली असते, आणि विक्रेते ‘आर-5!’ असं ठळक अक्षरांत छापतात. पण ते खंड 1966 आणि 1967 सालचे. संपादकांनी तेव्हा जे संग्रह तपासले त्यांत ते नाणं किती वेळा दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर धातुशोधक यंत्रांनी इंग्लंडची शेतं पिंजून काढली. 2010 साली सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच रांजणात 52,503 नाणी सापडली, तिसऱ्या शतकातली. असे निधी निघत राहिले की कागदावरची दुर्मिळता कोलमडते. मी स्वतः एका आर-4 नाण्याला चौपट पैसे दिले, आणि पुढच्या पाच वर्षांत तेच नाणं बाजारात आणखी सात वेळा पाहिलं. उलट ऑरेलियन आणि त्याच्यानंतरचा सम्राट प्रोबस यांचे खंड 1927 आणि 1933 सालचे, त्यामुळे त्यांची ‘सूचीत नसलेली’ नाणी सारखी निघतात आणि ती सगळीच दुर्मिळ नसतात. दुर्मिळता मोजायची खरी रीत म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या लिलावांच्या नोंदी शोधून ते नाणं किती वेळा आलं ते मोजणं. कंटाळवाणं काम आहे, पण याहून खात्रीचं दुसरं मला माहीत नाही.

कॉन्स्टंटाइनच्या सूर्यात खरोखर शोधण्यासारखं काय? माझ्या मते दोन गोष्टी. लंडनच्या टांकसाळीची अशी नाणी ज्यांवर सम्राट डावीकडे तोंड करून, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भाला आणि हातात ढाल घेतलेला आहे. नेहमीच्या उजवीकडे बघणाऱ्या सम्राटाच्या शंभर नाण्यांमागे असं एखादं दिसतं, आणि घाईत असलेले विक्रेते दोन्हींना एकच भाव लावतात. दुसरी म्हणजे तिकिनुमची 316च्या सुमाराची काही नाणी, ज्यांत सूर्याच्या शेजारी मोकळ्या जागेत एक छोटा समभुज क्रूस आहे. सूर्य आणि क्रूस एकाच बाजूला! हा क्रूस ख्रिस्ती श्रद्धेचा की टांकसाळीची निव्वळ हिशेबाची खूण, यावर अभ्यासक आजही भांडतात. मी हिशेबाच्या खुणेच्या बाजूचा आहे, कारण त्याच जागी इतर वर्षी तारे आणि अक्षरं येतात. पण नाणं तेवढंच मोलाचं आहे, आणि त्या बारीक खुणेकडे भिंगाशिवाय लक्ष जात नाही.

तिकिनुमचंच 313 सालचं, नऊ सोलिडस (सोलिडस म्हणजे कॉन्स्टंटाइनचं सोन्याचं नाणं) वजनाचं सोन्याचं पदक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात आहे. कॉन्स्टंटाइन आणि सूर्य खांद्याला खांदा लावून, एकामागे एक चेहरे, नाकंसुद्धा सारखी, आणि सम्राटाच्या ढालीवर सूर्याचा चौघोडी रथ. ते कुणाला विकत मिळणार नाही. पण त्याचं मोठं छायाचित्र आधी बघून ठेवा. मग 30 युरोंच्या काशाच्या नाण्यातला ‘सोबती’ कसा वाचायचा ते डोळ्यांना कळतं.

आता तुमच्या ऑरेलियनकडे. 270 ते 275 ही पाच वर्षं त्याची कारकीर्द. साम्राज्याचे तीन तुकडे झाले होते, पूर्वेकडे पाल्मायराची राणी झेनोबिया, पश्चिमेकडे गॉलचं वेगळं राज्य. त्याने दोन्ही परत आणले, आणि 274 साली रोममध्ये सूर्याचं भव्य मंदिर बांधून घेतलं. (नाताळच्या सुमाराला विक्रेते त्याची नाणी ‘25 डिसेंबरचा देव’ म्हणून विकतात. त्या तारखेला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि 30 रथशर्यती ही नोंद 354 सालच्या रोमन पंचांगातली आहे. ती ऑरेलियनच्या नाण्यांवर कुठेही नाही.) त्याचं नेहमीचं सूर्यनाणं ‘ओरिएन्स आउग’ या लेखाचं: उगवता सूर्य, पायाशी एक किंवा दोन बांधलेले कैदी, खाली पुष्कळदा ‘एक्स-एक्स-आय’. ती खूण 20 भाग तांब्याला एक भाग चांदी असा अर्थ सांगते असं मानतात. चांदीचा पातळ मुलामा शिल्लक असलेलं चांगलं नाणं 40-60 युरोंना मिळतं. ते घ्या. ‘सोल दोमिनुस’च्या आधी ते घ्या.

कारण ‘सोल दोमिनुस’ ही वेगळीच गोष्ट आहे. ‘सोल दोमिनुस इम्पेरी रोमानी’: सूर्य, रोमन साम्राज्याचा स्वामी. दर्शनी बाजू नेहमी सम्राटाच्या चेहऱ्याची, पण इथे ती सूर्याला दिलेली आहे, काही प्रकारांत त्याच्या चार घोड्यांसह. ऑरेलियन मागच्या बाजूला गेला आहे, वेदीपुढे आहुती देणारा म्हणून. राजाने आपला चेहरा काढून देवाचा चेहरा लावावा, असं रोमन नाण्यांत फार क्वचित घडलं. ही नाणी सेर्दिकाच्या टांकसाळीची मानतात, म्हणजे आजचं बल्गेरियातलं सोफिया. ती मुळात थोडी, आणि बहुतेक झिजलेली. बऱ्या स्थितीतलं नाणं कित्येकशे युरोंच्या खाली सहसा जात नाही. म्हणूनच 160 युरोंचा आकडा मला खटकतो. एवढ्या ओळखीच्या नाण्याला लिलावात तीन जाणकार जरी भिडले तरी भाव वर जातो. ते न भिडण्यामागे कारण असतं: एकतर नाणं फार झिजलेलं, किंवा कोरणीने पुन्हा कोरलेलं, किंवा ओतलेलं.

ओतीव नाणं कसं ओळखायचं? खरं रोमन नाणं दोन ठशांमध्ये घाव घालून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा ताठ असतात आणि अक्षराभोवतीचा धातू किंचित ताणलेला दिसतो. साच्यात ओतलेल्यात अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, सपाटीवर बारीक बुडबुड्यांची भोकं, आणि कानशीने घासून लपवलेला कडेचा सांधा. कडेचं छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याकडे कडेचं छायाचित्र मागा. मात्र आजची चांगली बनावट नाणी ओतत नाहीत, खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करून दाबतात. तिथे भिंग हरतं. तिथे उपयोगी पडते ती तुलना: खऱ्या नाण्याची झीज, ओरखडा, कडेची चीर प्रत्येकात वेगळी असते. दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला की दोन्ही बाद. बनावट नाण्यांची छायाचित्रं जमवून ठेवणारी संकेतस्थळं आहेत, बोली लावण्याआधी तासभर तिथे घालवा.

यात मी कुठे ठेचकाळलो ते सांगतो. प्रोबसचं नाणं होतं, ‘सोली इन्विक्टो’, समोरून धावत येणारा चौघोडी रथ, दोन घोडे डावीकडे आणि दोन उजवीकडे फाकलेले. रोमन सूर्याचं हे सगळ्यांत देखणं रूप, आणि अजूनही 50 ते 100 युरोंत हाताशी येणारं. माझं नाणं तर चांदीने लखलखत होतं. दोन वर्षांनी एका जुन्या संग्राहकांनी भिंगाखाली धरून विचारलं, “घोड्याच्या छातीवर झीज आहे, मग झिजलेल्या जागेवर चांदी कशी?” मूळ मुलामा खाचांत टिकतो आणि उंचवट्यांवरून आधी जातो. माझ्या नाण्यावर तो झिजेच्या वर आणि ओरखड्यांच्या आतसुद्धा होता, म्हणजे अलीकडे चढवलेला. नाणं खरं, साज खोटा. ते नाणं मी विकलं नाही. नवीन कोणी शिकायला आलं की आधी तेच हातात देतो.

तुमच्या 500 युरोंत रोमन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातलं एखादं चांदीचं नाणंही बसू शकेल, एका वर्षी बाकी खरेदी थांबवलीत तर. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत असताना, इसवी सनपूर्व 217 ते 215च्या दरम्यान, समोरून बघणाऱ्या सूर्याचं एक जड काशाचं नाणं निघालं. मागे चंद्रकोर आणि दोन तारे, एक टिंब म्हणजे ‘आस’ या रोमन नाण्याच्या बाराव्या हिश्शाची किंमत. आउलुस मान्लिउस या टांकसाळीच्या अधिकाऱ्याच्या दिनारावरचा समोरून येणारा रथ खरोखर दुर्मिळ आणि महागडा, तो सोडा. माझी शिफारस इसवी सनपूर्व 76च्या लुसियस लुक्रेटिउस ट्रिओच्या दिनाराची. पुढे किरणांकित सूर्य, मागे चंद्रकोर आणि भोवती सात तारे. सात का? त्याचं आडनाव ट्रिओ, आणि सप्तर्षींना लॅटिनमध्ये म्हणत ‘सेप्टेम ट्रिओनेस’, नांगराचे सात बैल. टांकसाळीच्या अधिकाऱ्याने आकाशातून स्वतःचं नाव काढलं! आपण ज्यांना ऋषी म्हणतो त्यांना तो शेतकरी समाज बैल म्हणत होता. 250-400 युरोंत बरं नाणं मिळतं, आणि घरी आलेल्या कुणालाही ते समजावून सांगता येतं.

आणि पुढे कधी हात पसरावासा वाटला तर कुषाणांकडे या. कनिष्काच्या सुरुवातीच्या नाण्यांवर सूर्याचं नाव ग्रीकमध्ये ‘हेलिओस’ आहे, नंतरच्या नाण्यांवर तेच रूप, पण नाव बॅक्ट्रियन भाषेत ‘मिइरो’. रोमन संग्रहाशेजारी ते नाणं ठेवलं की दोन्हीकडचा सूर्य एकाच घराण्यातला वाटतो.

कागदपत्रांबद्दल मात्र कडक राहा. पावती, जुन्या संग्रहाचं किंवा आधीच्या लिलावाचं नाव, छायाचित्र हे सगळं नाण्यासोबत ठेवा. ‘नुकतंच जमिनीतून निघालेलं’, ‘मातीसकट’ असलं काही घेऊ नका. उकरून काढलेल्या नाण्यासोबत त्या जागेचा इतिहास कायमचा जातो, आणि तुर्कस्तानसारख्या देशात ते बाहेर नेणं गुन्हा आहे. सुट्टीवर तिकडे गेलात तर अवशेषांजवळ कोणी नाणं दाखवलं तरी हात लावू नका. नाशिकला परतायचा विचार असेल तर आणखी एक: भारताच्या 1972च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत धरतात आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकदा संग्रह इकडे आणला की युरोपच्या लिलावात विकायला परत पाठवता येईल असं गृहीत धरू नका. आणताना सीमाशुल्काकडे रीतसर जाहीर करा आणि तो कागद जन्मभर जपा.

परत आलात तर पावसाळ्याचंही बघावं लागेल. काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी टिकली दिसली, नखाने खरवडली की निघते, तर तो रोग आहे. धातूतला क्लोराइड दमट हवेत जागा होतो आणि नाणं आतून खातो. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मात्र रोग नाही, तो नाण्याचा दागिना आहे. आजारी नाणं लगेच वेगळं करा, बाकीची सिलिका जेलच्या पाकिटांसोबत घट्ट डब्यात ठेवा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते चिकट होऊन तांब्याला लागतं. आणि घरात कुणी मायेने तांब्याच्या गडव्याबरोबर तुमचं नाणंही चिंच-मीठ लावून उजळलं, तर 1,700 वर्षांचा थर पाच मिनिटांत जाईल आणि त्याबरोबर तीन चतुर्थांश किंमत. आईला, आजीला आधीच सांगून ठेवा.

पहिल्या वर्षाचा बेत मी असा करेन: कॉन्स्टंटाइनचे चार सूर्य, लंडन, ट्रिअर, रोम आणि तिकिनुमचा एकेक, ऑरेलियनचा एक ‘ओरिएन्स’, प्रोबसचा एक रथ. लिलावात हातोडीच्या भावावर वीस ते पंचवीस टक्के शुल्क, वर कर आणि टपाल लागतं, ते धरून हे साधारण 400 युरोंत बसेल. उरलेल्यात काटा आणि भिंग. ही सहा नाणी रोज रात्री दहा मिनिटं हातात घ्या, कडेला धरून, तिरप्या उजेडात.

त्या ‘सोल दोमिनुस’च्या विक्रेत्याला तीन गोष्टी मात्र आजच लिहून विचारा: अचूक वजन, कडेची छायाचित्रं आणि आधीच्या मालकाचा किंवा लिलावाचा पुरावा. उत्तर आलं तर छायाचित्रांसकट मला पाठवा, बोली बंद होण्याआधी बघून कळवतो. उत्तर आलंच नाही तर तो लिलाव सोडून द्या.